दगडाचं तोंड कुठे आहे? आयर्लंडमधली थडगी आणि मठ टिपताना

आयर्लंडमध्ये जुने दगड टिपायला निघताना मी हवामानाच्या अंदाजाआधी नकाशा उघडतो. थडग्याचं दार कोणत्या दिशेला आहे, क्रुसाची कोरलेली बाजू कुठे वळलेली आहे, मठाची दरी कशी पसरली आहे, एवढं कळलं की कुठे किती वाजता पोहोचायचं ते ठरवता येतं. ऊन पडेल की नाही हे अटलांटिकवरून येणारे ढग ठरवतात. पडलंच, तर त्या वेळी योग्य जागी उभं असणं आपल्या हातात असतं. हा देश ५३ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम १३ अंश चढतो, जूनअखेर ६० अंश.

सुरुवात बॉइन नदीच्या खोऱ्यातून करावी. न्यूग्रेंजचं थडगं इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं. सुमारे ८५ मीटर व्यासाचा ढिगारा, त्याच्या कडेने ९७ शिळा आणि आत १९ मीटर लांबीचा बोळ. दारावरच्या झरोक्यातून हिवाळी अयनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वात लहान दिवसाच्या, सकाळी सूर्यकिरण थेट आतल्या खोलीपर्यंत जातो. ज्यांनी दगड रचतानाच सूर्याची जागा मोजली, त्यांच्या कामाचा फोटो काढताना आपणही ती मोजावी, असं मला मनापासून वाटतं. आत फोटो काढायला बंदी आहे. ती पाळावीच, आणि आत असताना कॅमेरा पिशवीत ठेवून नुसतं बघावं.

बाहेरची पांढऱ्या गारगोट्यांची भिंत आग्नेयेला तोंड करून आहे. ही भिंत १९६२ ते १९७५ या काळातल्या मायकेल ओ'केली यांच्या उत्खननानंतर उभारलेली पुनर्रचना आहे. म्हणून मी तिला चौकटीत कमी जागा देतो आणि दारासमोरच्या सर्पिलं कोरलेल्या शिळेवर जास्त वेळ घालवतो. सकाळी या शिळेवर ऊन समोरून पडतं आणि नक्षी सपाट होऊन जाते. दुपारनंतर ऊन दर्शनी भागावरून सरकायला लागतं, दगडाला चाटून जातं, आणि प्रत्येक खाचेच्या एका काठावर सावली उभी राहते. तेच हवं असतं. इथे अभ्यागत केंद्रातून ठरलेल्या वेळीच जाता येतं, त्यामुळे आरक्षण करतानाच दुपारची वेळ मागावी. भिंत आणि हिरवळ एकाच फोटोत घेतली तर गारगोट्या हमखास जळतात, म्हणजे तपशील हरवून पांढऱ्याफटक होतात. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकला की एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप खाली आणायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट).

जवळच मोनास्टरबॉइस हा जुना मठ आहे. इथला मुइरेडाखचा क्रूस साधारण साडेपाच मीटर उंच, वालुकाश्माचा, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जातो. पूर्वेच्या बाजूवर मध्यभागी अंतिम न्यायाचं दृश्य आहे, पश्चिमेला येशूचं क्रूसारोहण, आणि त्याच बाजूला खाली दोन मांजरं व मुइरेडाखचं नाव असलेला लेख. बहुतेक जण पूर्वेची बाजू सकाळी आणि पश्चिमेची संध्याकाळी टिपतात. तपशील हवा असेल तर ही वेळ चुकीची. ऊन समोरून आलं की आकृत्या दगडात विरघळतात. सूर्य दक्षिणेला असताना त्याचा प्रकाश दोन्ही बाजूंना समांतर जातो, म्हणून पूर्वेची बाजू सौर मध्यान्हाच्या, म्हणजे सूर्य सर्वात वर असण्याच्या वेळेच्या, थोडी आधी घ्यायची आणि पश्चिमेची थोडी नंतर. घड्याळात ही वेळ १२ ला येत नाही. देश पश्चिमेला असल्यामुळे सौर मध्यान्ह हिवाळ्यात साडेबाराच्या आसपास येते, आणि उन्हाळी वेळेमुळे जून-जुलैत दीडच्या. उन्हाळ्यात सूर्य झपाट्याने सरकतो, त्यामुळे पश्चिमेच्या बाजूसाठी मध्यान्हानंतर अर्ध्या तासापासून सव्वा तासापर्यंतचाच अवधी कामाचा. हिवाळ्यात दीड-दोन तास मिळतात.

ढगाळ दिवशी, म्हणजे बऱ्याच दिवशी, दिशा आपणच द्यायची. कॅमेऱ्यापासून सुटा केलेला एक फ्लॅश घ्या आणि दगडाच्या पातळीशी १० ते १५ अंशांचा कोन करून बाजूने धरा. अंतर कोरीव चौकटीच्या रुंदीच्या किमान तिप्पट ठेवा. फ्लॅश जवळ आणला तर अलीकडची कड पांढरी पडते आणि पलीकडची बुडते. शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/११, संवेदनशीलता आयएसओ १०० ठेवली की आभाळाचा पसरट उजेड दबतो. डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन-चार फोटो घ्या. एका बाजूने अजिबात न दिसलेली आकृती दुसऱ्या बाजूने स्पष्ट होते. फ्लॅश नसेल तर काळी छत्री क्रुसाच्या एका अंगाला धरून तिकडचा उजेड अडवायचा. एवढ्यानेही उठाव येतो.

कोरीव कामावर खडू फिरवणं, पाणी ओतणं, दगडफूल खरवडणं यांतलं काहीही करू नये. फोटो एका दिवसाचा असतो, ओरखडा कायमचा. शिवाय ही दफनभूमी अजून वापरात आहे. नव्या थडग्यांवर ट्रायपॉडचा पाय जाऊ देऊ नये.

ग्लेंडालॉक डब्लिनच्या दक्षिणेला, विकलो डोंगरांत आहे. संत केविन यांनी सहाव्या शतकात वसवलेला हा मठ. इथला गोल मनोरा सुमारे ३० मीटर उंच, दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर. जवळून कॅमेरा वर करून फोटो घेतला की मनोरा मागे कलंडल्यासारखा दिसतो. त्याऐवजी पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स उभी धरा आणि साधारण ४० मीटरवर जाऊन कॅमेरा अगदी समतल ठेवा. मनोरा टोकापर्यंत मावतो आणि सरळ राहतो. खालची अर्धी चौकट गवताने आणि कबरींच्या दगडांनी भरते. ती आवडत नसेल तर नंतर कापा. दरी पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, त्यामुळे सकाळचं ऊन दरीतून आत शिरतं. हिवाळ्यात मात्र दक्षिणेचा डोंगर ते बराच वेळ अडवतो.

क्लोनमॅकनॉइज शॅनन नदीच्या काठी, इ.स. ५४४ च्या सुमारास संत किएरान यांनी स्थापलेलं. बाहेर उभे असलेले मोठे क्रूस प्रतिकृती आहेत. अस्सल आत अभ्यागत केंद्रात ठेवले आहेत. फोटोखाली ओळ लिहिताना ही गल्लत फार होते. नदी, मोडका मनोरा आणि क्रूस एकत्र हवे असतील तर प्रतिकृती चालते. कोरीव कामासाठी आतच जा, आणि फ्लॅश व ट्रायपॉडबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा. सरकारी देखरेखीखालच्या स्मारकांवर ड्रोनसाठी आणि व्यावसायिक कामासाठी परवानगी लागते, ती घरून निघण्याआधी मागावी.

पश्चिमेला बरेनचा चुनखडीचा पठारी प्रदेश. तिथलं पोलनाब्रोन हे उभ्या शिळांवर आडवी शिळा टेकवलेलं थडगं. डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं तर वरची शिळा मागच्या टेकडीत मिसळते. कॅमेरा जमिनीपासून ४०-५० सेंटिमीटरवर आणला की ती आभाळात सुटी होते. २० मिलिमीटर, एफ/११ आणि फोकस १.२ मीटरवर ठेवलं तर पायाजवळच्या भेगांपासून क्षितिजापर्यंत सगळं धारदार येतं. या भेगा खोल असतात. ट्रायपॉडचा पाय आधी टाचेने दाबून बघा, मग हात सोडा. ओल्या चुनखडीवर पायही घसरतो. कोरडी चुनखडी फिकट असते म्हणून कॅमेरा ती काळवंडवतो, तेव्हा पाऊण स्टॉप वाढवा. पावसानंतर तीच शिशासारखी गडद होते आणि वाढवायची गरज उरत नाही. इतक्या रुंद लेन्सवर पोलरायझर (आभाळ गडद करणारी फिल्टरची काच) लावू नका, आभाळाच्या मध्यभागी काळा पट्टा येतो. सुटे दगड उचलून चिमुकली थडगी रचण्याची खोड इथे खूप आहे. त्याने पठाराचं नुकसान होतं.

स्केलिग मायकेल या अटलांटिकमधल्या खडकाळ मठाच्या बेटावर बोट साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच उतरवते, तीही लाटांनी परवानगी दिली तर. ६१८ दगडी पायऱ्या, कठडे नाहीत. एक कॅमेरा, एकच २४-७० लेन्स, पट्टा आडवा गळ्यात, दोन्ही हात मोकळे.

सगळ्यात जास्त वेळ मी स्लायगोला ठेवतो. कॅरोमोरची बुटकी थडगी एकेकटी टिपली तर दगडांचं कडं एवढंच दिसतं. पण तिथून पश्चिमेकडे वळलं की ३२७ मीटर उंचीच्या नॉकनारे डोंगरावर दंतकथेतल्या राणी मेव्हची दगडी रास ठिपक्यासारखी दिसते. रुंद लेन्समध्ये ती हरवते. म्हणून थडग्यापासून मागे सरकायचं, १०० ते २०० मिलिमीटर लावायचं, एफ/१६ ठेवायचं. मग खालचं कडं आणि वरची रास एकमेकांशी बोलायला लागतात. खालच्या दगडांवर ऊन आणि डोंगरावर ढगाची सावली, किंवा उलट, असा क्षण सरींच्या मध्ये येतो आणि मिनिटभरच टिकतो. चौकट आधी बांधून ठेवायची, लेन्सचं तोंड खाली करून उभं राहायचं, खिशात चार कोरडी फडकी. सर पश्चिमेकडून, म्हणजे बरोबर समोरून येते. कॅमेरा गाडीच्या उबेत उघडू नका. बंद पिशवीतच तासभर राहू द्या, नाहीतर काचेवर आतून धुकं धरतं आणि पुढची सर ओसरेपर्यंत ते निवळत नाही.