केस

स्लीपरचं तत्काळ सकाळी अकराला उघडतं. अकरा वाजून दोन मिनिटांनी पवन एक्स्प्रेसचे तीन बर्थ कन्फर्म मिळाले, तेही दिवाळी संपून छठ तोंडावर आलेली असताना. बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांची त्या आठवड्यातली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच याचं मोल कळेल. मी खुर्चीतून उठून चहा सांगितला. दुपारी सव्वा वाजेपर्यंत तो दिवस माझ्या नोकरीतल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता.

ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात, स्टेशनांवर एकटी सापडलेली मुलं घरी पोचवण्याचं काम मी बघते. लोकांना वाटतं, पत्ता सापडला की तिकीट काढायचं आणि पाठवायचं. पत्ता सापडणं ही सुरुवात असते. मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. मग त्याच्या जिल्ह्यातल्या समितीशी पत्रव्यवहार, तिथून घरचा चौकशी अहवाल, मग एस्कॉर्ट ऑर्डर. ऑर्डर निघाली की पंधरा दिवसांत मूल पोलिसांसोबत निघालं पाहिजे आणि सोबत जाणाऱ्यांचा प्रवासभत्ता आगाऊ द्यायचा, असं कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. प्रत्यक्षात भत्ता नंतर येतो आणि पोलिस बंदोबस्तात असतात. गणपती, नवरात्र, दिवाळी, निवडणूक, काही ना काही असतंच. त्यांचाही दोष नाही, माणसंच कमी आहेत. पण कॅलेंडरवर पंधरा खुणा करत बसणारी मी असते.

बर्थ मात्र मी कुणाला ठरवू देत नाही. मुलाला मधला बर्थ, खाली आणि वर आपली माणसं. साइड लोअर कधीच नाही आणि दाराजवळचा कप्पाही नाही. लांबच्या गाडीत रात्री कुठलंही मोठं स्टेशन आलं की एकानं जागं राहायचं, कारण ज्याला पळायचं असतं तो तिथेच पळतो. बर्थ हवा तर पाच ते बारा वर्षांच्या मुलालाही २०१६ पासून पूर्ण तिकीट लागतं. हिशेब तपासणारे दर वर्षी विचारतात, हाफ का नाही काढलं? मी दर वर्षी तेच उत्तर देते. मूल मांडीवर घेऊन मधुबनीला नेता येत नाही.

हा मुलगा मधुबनीचाच. अकरा वर्षांचा. नाव लिहिता येत नाही, कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मोठा भाऊ एकोणीस वर्षांचा, भिवंडीत यंत्रमागावर. हा गावाहून एकटा गाडीत बसला आणि बरोबर कल्याणला उतरला. भिवंडीला जायला कल्याणला उतरायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. रेल्वे पोलिसांच्या नजरेला पडला नसता तर कदाचित पोचलाही असता.

तिसऱ्या दिवशी भाऊ सापडला, आणि दर रविवारी बालगृहाच्या फाटकाशी येऊ लागला. येताना केळी आणायचा. धाकट्याला माझ्याकडे द्या, म्हणायचा. समितीनं नाही म्हटलं. एका खोलीत बारा जण, सहा दिवसपाळीचे आणि सहा रातपाळीचे. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर झोपतो. तिथे अकरा वर्षांचं मूल ठेवलं तर महिन्याभरात मागावर उभं राहतं. निर्णय मला पटला होता, आजही पटतो. तरी भाऊ तासाभराच्या अंतरावर असताना मी मुलाला दीड दिवसाहून लांब पाठवत होते. त्यानं मला एकदा विचारलं, ‘भैया इतना पास है, फिर?’ मी कायदा त्याच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. त्यानं ऐकून घेतलं, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी आई किंवा बापाशी व्हिडिओ कॉल करायचा, ही पद्धत मीच सुरू केली. मुलाला कळतं की खरंच घरी जातोय, आणि घेणारं माणूस तेच आहे याची आमची खात्री होते. खोटे मामा आम्ही पाहिले आहेत. तोपर्यंत या मुलाचं आईशी बोलणं साध्या फोनवर झालं होतं. त्या दिवशी तिच्या शेजारच्या दुकानदारानं आपला मोबाइल धरला. सव्वा वाजता तिचा चेहरा दिसला. डोक्यावर पदर, मागे पत्र्याचं दार. मी मुलाला समोर बसवलं.

ती हसली नाही. फोनच्या एकदम जवळ आली. ‘केश की भेलौ?’ एवढं म्हणाली. मुलगा गप्प. तिनं पुन्हा विचारलं. तो खाली बघत राहिला. मग ती ओरडली, ‘के मरि गेलै?’ आणि चित्र थिजलं. कॉल तुटला.

मैथिली मला येत नाही, पण ‘मरि’ कळायला भाषा लागत नाही. मी मुलाकडे बघितलं आणि तेव्हा मला दिसलं. त्याच्या डोक्याचा गोटा केलेला होता. दोन दिवसांपूर्वी, बुधवारी, उवा आणि खरूज झाल्या म्हणून त्या खोलीतल्या सगळ्याच मुलांची डोकी भादरली होती. सरसकट. इतक्या वर्षांत असे गोटे मी शेकड्यांनी पाहिले, त्यामुळे ते मला दिसायचेच बंद झाले होते.

आपल्याकडे दहाव्याला करतात, तिकडे त्याला नहकेश म्हणतात. जवळचं माणूस गेलं की भावकी डोकी उतरवते. या बाईनं मुलाचं असं डोकं एकदाच पाहिलं होतं, नवरा गेला तेव्हा. आता मुंबईकडे तिचे दोनच जण. धाकटा समोर मुंडण करून बसलेला, आणि एका शब्दानं बोलत नाही. तिनं काय समजायचं?

दुकानदाराचा फोन बंद. मुखिया उचलेना. मधुबनीच्या कार्यालयात विनवणी केली. ‘मॅडम, उद्या माणूस पाठवतो,’ म्हणाले. उद्या! भावाला नऊ वेळा फोन केला. दिवसपाळीत मागाच्या खडखडाटात त्याला रिंग ऐकू येणं शक्यच नव्हतं. अडीच वाजता मी रिक्षा केली. कल्याण नाक्याच्या गर्दीत अर्धा तास गेला. त्या गल्लीतल्या चौथ्या कारखान्यात तो सापडला. तिथे शेजारच्या माणसाशीही खुणेनं बोलतात. तो सहा मागांमध्ये उभा होता, भुवयांवर आणि पापण्यांवर पांढरं तूस. मला बघितलं आणि हातातला धोटा खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. ओठ हलले त्यावरून कळलं, ‘भाग गया?’

बाहेर गटाराच्या कडेला उभं राहून मी सगळं सांगितलं. तो एक शब्द बोलला नाही. गावातल्या एका मित्राला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. तो मित्र पळत घरी गेला. फोनमध्ये धाप ऐकू येत होती, मग बायकांचं रडणं जवळ येत गेलं.

‘माय, हम जिबै छी.’

तिचा आवाजावर विश्वास बसेना. तो तीन-तीनदा तेच सांगत होता. मग तिनं काहीतरी विचारलं आणि त्यानं घाईघाईनं व्हिडिओ सुरू केला, टोपी काढली, आणि फोन वर धरून डोकं वाकवलं. दाट केस, आणि त्यात अडकलेलं तूस. कुणी मेलं असतं तर मोठ्याचंही डोकं उतरलेलं असतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. ती केस बघत होती. त्यानं हातानं एकदा पुढचे, एकदा मागचे दाखवले. सव्वापाच वाजले होते. चार तास ती मुलाला रडली. दुपारीच चूल विझवली होती, हे एस्कॉर्टनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी भावाला कल्याणच्या फलाटावर बोलावलं. आदेशात तसं काही नव्हतं. मी बोलावलं. धाकट्यानं त्याला लांबून पाहिलं आणि हवालदारांचा हात सोडून धावला. मिठी मारली नाही. त्यानं भावाचा दंड दोन्ही हातांनी दाबून बघितला, मग पाठ, मग पुन्हा दंड. गाडी आली तरी तो सोडेना.

ते दृश्य डोक्यातून जाईना, म्हणून संध्याकाळी काळजीवाहक दादांना विचारलं, बुधवारी केस कापताना हा रडला होता का?

‘नाही मॅडम. कौन मर गया, असं विचारलं त्यानं. मला वाटलं मस्करी करतोय. मी म्हटलं, उवा मेल्या.’

दादा वाईट माणूस नाही. बुधवारी त्यांच्यासमोर बावीस मुलं होती आणि मशीन एकच. पण बुधवारी दुपारपासून शनिवारी फलाटावर येईपर्यंत त्या मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल? शुक्रवारी रात्री मी त्याला सांगितलं होतं, भैयाशी बोलणं झालं, उद्या येणार आहे. तेव्हा त्यानं मान हलवली. कायद्याचं सांगितलं होतं तेव्हाही अशीच हलवली होती.

मधुबनीच्या समितीपुढे आईचा अंगठा घेऊन ताबा दिला. त्याचा फोटो आमच्या फाइलला लागतो. फोटोत मुलाचा चेहरा अर्धाच आला आहे, कारण आईचा पदर त्याच्या डोक्यावर आहे.

एस्कॉर्टच्या आधी भरायच्या फॉर्ममध्ये मी तीन ओळी वाढवून दिल्या: केस कापले का, कधी, घरी कळवलं का. आणि डोकी सरसकट उतरवू नयेत, उवांना औषध आणि बारीक दातांची फणी असते, असं वेगळं टिपण लिहिलं. फॉर्म वाढवण्यात काय अर्थ आहे, असं वरून विचारलं गेलं. टिपणाला अजून उत्तर नाही. गेल्या सोमवारी पुन्हा नऊ मुलांचे गोटे झाले. मी त्या नऊ जणांना एकेक करून बोलावलं आणि विचारलं, तुला काय सांगितलं? नंतर ज्यांचे नंबर होते त्या सहा घरी मी स्वतः फोन केला.