ओळ अखंड राहावी म्हणून: कवितेचं मोबाइल अ‍ॅप संगणकावर

कवितांचं जे अ‍ॅप मी फोनवर रोज उघडतो, ते आता संगणकाच्या पडद्यावर नीट चालू लागलंय. त्याची डेस्कटॉपसाठी वेगळी आवृत्ती नाही, त्यामुळे अख्खं अँड्रॉइडच संगणकात आणावं लागलं. तुमच्यापैकी कुणी याच खटपटीत असेल तर उपयोग होईल, म्हणून काम कुठवर आलंय ते मांडून ठेवतो.

आधी हे कशासाठी ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच घेतले. फोनच्या रुंदीत कवितेची ओळ मोडते. शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या एका चरणात १९ अक्षरं, बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे ठरलेला विराम. डोळ्यांना सोसेल एवढा टाइप ठेवला की हा चरण चौदाव्या, पंधराव्या अक्षराच्या आसपास, जिथे शब्द संपेल तिथे तुटतो. नजर तिथे थबकते आणि यतीची जागा नसताना विराम पडतो. मंदाक्रांता वृत्तात तर ४, ६ आणि ७ अक्षरांचे तुकडे अशी बांधणी असते. तिथे एक जादा विराम सगळी चाल बिघडवतो. गझलेत शेर दोन ओळींचा न दिसता चार ओळींचा दिसतो आणि रदीफाचे, म्हणजे शेरांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे शब्द खालच्या ओळीत एकटेच पडतात. सर्वांत मोठं नुकसान मुक्तछंदाचं. तिथे ओळ कुठे तोडायची हा कवीचा निर्णय असतो, आणि फोनवर कवीने तोडलेली ओळ कोणती, पडद्याने तोडलेली कोणती, हेच कळत नाही. चांगल्या छापील पुस्तकात न मावलेला तुकडा थोडा आत सरकवून छापतात. या अ‍ॅपमध्ये तो डाव्या समासालाच चिकटतो, म्हणून नव्या ओळीसारखा दिसतो.

तर मोठा पडदा हवा होता तो मोठ्या अक्षरांसाठी नाही. ओळ जशी लिहिली तशी एका नजरेत दिसावी, एवढ्यासाठी.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अँड्रॉइड अ‍ॅप चालवण्याची स्वतःची सोय दिली होती. तिचा सपोर्ट ५ मार्च २०२५ ला संपला. जुन्या लेखांत अजून तीच वाट दाखवलेली असते, तिकडे वेळ घालवू नका. खेळांसाठी बनवलेले एम्युलेटर, म्हणजे संगणकात आभासी फोन चालवणारे प्रोग्रॅम, पुष्कळ आहेत आणि ते झटपट बसतातही, पण त्यांचा सगळा भर ग्राफिक्सवर आणि कळांच्या जुळणीवर असतो. वाचनासाठी मला अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवण्याच्या साधनाबरोबर येणारा एम्युलेटर पसंत पडला. तो मोफत आहे, जाहिराती नाहीत आणि पडद्याची प्रत्येक सेटिंग आपल्या हातात राहते. डाउनलोड मोठं आहे, डिस्कवर काही जीबी जागा जाते आणि १६ जीबी रॅम असलेली बरी. लिनक्सवाल्यांना वेड्रॉइड हा याहून हलका पर्याय आहे. तो कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळा आभासी संगणक न उभारता चालतो, त्याला वेलँड या पडदा हाताळणाऱ्या प्रणालीचं सेशन लागतं.

सुरुवात करण्याआधी एकच तपासणी. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली व्हर्च्युअलायझेशनपुढे काय लिहिलंय ते बघा. बंद दिसत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. इंटेलच्या मशिनवर ते व्हीटी-एक्स किंवा तत्सम नावाने असतं, एएमडीवर बहुधा एसव्हीएम नावाने. विंडोजच्या फीचर्सच्या यादीत विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्मवरही टिक करून मशिन रीस्टार्ट करा. हे नसेल तर एम्युलेटर एक तर उठत नाही, नाहीतर इतका रेंगाळतो की कविता वाचायची इच्छाच उरत नाही.

अ‍ॅप टाकताना एपीके, म्हणजे अ‍ॅपची इन्स्टॉल करायची फाइल शोधत बसण्यापेक्षा प्ले स्टोअर असलेली सिस्टिम इमेज, म्हणजे एम्युलेटरमधल्या अँड्रॉइडची तयार प्रत निवडा, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या अ‍ॅपना बंडल स्वरूपाची सक्ती आहे. म्हणजे एकच फाइल नसते. मूळ भाग वेगळा, प्रोसेसरसाठीचा वेगळा, पडद्याच्या घनतेचा वेगळा, भाषेचा वेगळा. फोनमधून काढलेली एक फाइल संगणकावर टाकायला गेलं की बाकीचे भाग नाहीत म्हणून ती नाकारली जाते. शिवाय फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा आणि बहुतेक डेस्कटॉपचा एक्स८६, तिथेही गाठ अडते. प्ले स्टोअर स्वतःच उपकरण ओळखून योग्य ते भाग आणतं. अँड्रॉइड ११ पासूनच्या एक्स८६ इमेजमध्ये एआरएमचं भाषांतर करण्याची सोयही असते, त्यामुळे फक्त फोनसाठी बांधलेला कोड असला तरी बहुतेकदा चालून जातो.

आता खरी गंमत, घनतेची. मी निवडलेला आभासी फोन १०८० बाय २४०० पिक्सेलचा, घनता (दर इंचात पिक्सेल) ४२०. अँड्रॉइड रुंदी पिक्सेलमध्ये मोजत नाही, डीपी या घनतेवर बेतलेल्या मापात मोजतं. हिशोब सोपा आहे: पिक्सेलना १६० ने गुणायचं आणि घनतेने भागायचं. १०८० गुणिले १६० भागिले ४२०, म्हणजे सुमारे ४११ डीपी. जवळजवळ हातातल्या फोनएवढीच रुंदी. म्हणून नुसती खिडकी ताणून मोठी केली तर अक्षरं मोठी होतात, पण ओळ तुटायची तिथेच तुटते. हे पहिल्यांदा बघून बरेच जण एम्युलेटरचा नाद सोडतात.

उपाय घनता कमी करण्यात आहे. एडीबी या संगणकावरून अँड्रॉइडला आज्ञा देण्याच्या साधनाच्या शेलमधून डब्ल्यूएम डेन्सिटी ही आज्ञा देऊन पुढे २८० लिहिलं की तीच रुंदी ६१७ डीपी होते. ओळीला दीडपट जागा मिळते. आणखी एक गोष्ट घडते: लहान बाजू ६०० डीपीच्या वर गेली की टॅबलेटसाठी वेगळी मांडणी ठेवणारी अ‍ॅप ती मांडणी दाखवू लागतात. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ही सीमा बरोबर २८८ घनतेवर येते. माझ्या अ‍ॅपमध्ये २८८ च्या खाली येताच डावीकडे कवींची यादी आणि उजवीकडे कविता अशी दोन भागांची रचना आली. आकड्याऐवजी रीसेट लिहिलं की सगळं मूळ जागी येतं, त्यामुळे बिनधास्त बदलून बघा.

२८० ला अक्षर बारीक वाटलं तर घनता पुन्हा वाढवू नका. अँड्रॉइडच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये फाँटचा आकार वेगळा वाढवता येतो. त्याने समास आणि बटणं तशीच राहतात, फक्त मजकूर वाढतो. मी एक पायरी वाढवली आहे. शार्दूलविक्रीडिताचा चरण टोकापासून टोकापर्यंत एका रेषेत बसतो, बारा आणि सात, मध्ये काही नाही. हे बघून मला फार समाधान वाटलं. कंट्रोल आणि बाणाची कळ दाबून पडदा आडवाही करता येतो, पण हे अ‍ॅप आडव्यात दोन भागांची रचना फार पसरट करतं, म्हणून मी उभंच ठेवतो.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र अजून मनासारखं जमलेलं नाही. संगणकाचा मराठी कीबोर्ड एम्युलेटरच्या आत तसाच उतरत नाही, आत फक्त कळा पोचतात. सध्या मी बाहेर इनस्क्रिप्ट कीबोर्डने लिहितो आणि क्लिपबोर्डवरून आत चिकटवतो. ओळी आणि कडव्यांमधल्या मोकळ्या जागा शाबूत राहतात. चिकटवल्यावर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ एकदा नजरेखालून घाला. ती अक्षरं नेमकी लिहिलेली नसतील तर जोडाक्षर न दिसता नुक्ता (खालचा टिंब) आणि हलन्त (पाय मोडण्याची खूण) सुटे दिसतात.

एम्युलेटरमध्ये डेटा पुसण्याचा पर्याय एका क्लिकवर असतो आणि तो अ‍ॅपमध्ये जपलेल्या कविताही घेऊन जातो. ज्यांच्या अ‍ॅपमध्ये खात्याशी जोडून साठवण होत नाही, त्यांनी आधी निर्यात करून ठेवावी.

ज्यांना ही वेगळी साठवण नकोच आहे, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आजमावतोय: एस-सी-आर-सी-पी-वाय हे मुक्त साधन. ते फोनचा पडदा केबलवरून संगणकावर आणतं, अ‍ॅप आणि कविता फोनमध्येच राहतात. त्यासाठी फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडायचे आणि यूएसबी डीबगिंग चालू करायचं. तिसऱ्या आवृत्तीपासून यात वेगळा आभासी पडदा उघडता येतो आणि त्याची लांबी-रुंदी, घनता आपण ठरवू शकतो, म्हणजे वरचा सगळा हिशोब इथेही लागू पडतो. १९२० बाय १०८० आणि घनता २४० दिली की आडव्या बाजूला १२८० डीपी मिळतात. वाचन उत्तम होतंय. पण या आभासी पडद्यावर कविता वाचनाचा आवाज संगणकाच्या स्पीकरवर किंचित उशिरा येतो, आणि चालू ओळ रंगवून दाखवण्याची सोय त्यामुळे मागेपुढे होते. आवाजाचा बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवला जाणारा तुकडा, कमी करण्याचा पर्याय त्यात आहे. आता त्याच्याशी खेळतोय.