बोर्डावर सापडलेली माणसं

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात जळगावच्या आमच्या लॉ कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. पलीकडे कोवळा आवाज. "सर, तुमची 1997ची बॅच ना? सध्याचं पद काय लिहू?"

म्हटलं, वकील.

"ते झालं सर, पण पद?"

"वकिलाला पद नसतं बाळा. तारीख असते."

तिला ते काही कळलं नसावं. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकला दरवर्षी गुणवत्ता अहवाल पाठवावा लागतो, त्यात माजी विद्यार्थ्यांचा वेगळा भाग असतो आणि तो आज संध्याकाळपर्यंत भरायचा आहे, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी आठवण झाली ती रकान्यामुळे. थोडं लागलं. आता सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलंच आहे, तर तेही लिहून टाकतो. संपादक मंडळानं कात्री लावली तर माझी हरकत नोंदवून ठेवावी.

फोन ठेवला आणि मनात आलं, आपण तरी या अठ्ठावीस वर्षांत कितीदा कॉलेजची पायरी चढलो? भुसावळ ते जळगाव पंचवीस किलोमीटर. जिल्हा न्यायालयात कामासाठी आठवड्यातून एकदा तरी येणं होतं. तरी कॉलेजच्या गेटात पाय टाकला नाही. दोन्ही पक्षांची चूक सारखीच होती. असा वाद लोकअदालतीत मिटतो.

आमचं कॉलेज सकाळचं. सव्वासातला पहिला तास, साडेदहाला सुटी, म्हणजे नोकरदारांना ऑफिस गाठता यावं. मी भुसावळहून पॅसेंजरनं यायचो. वडील रेल्वेत, त्यामुळे गाडी लेट झाली की सर मलाच विचारायचे, जणू सिग्नल मीच पाडला. वर्गात निम्मे लोक कमावते. जिल्हा परिषदेतले दोन कारकून, एक तलाठी, सहकारी बँकेतला एक वसुली अधिकारी, आणि एसटीचा कंडक्टर, जो रात्रीची मुक्कामी गाडी सकाळी परत आणून खाकी कपड्यांतच वर्गात बसायचा. तिकिटांची पेटी बाकाखाली. झोप यायला लागली की तो बोटांत पंच धरून टिकटिक करायचा. सर म्हणायचे, "भाऊ, पुढना स्टॉप येस का?" आणि वर्ग हसायचा.

हे सर कॉन्ट्रॅक्ट आणि टॉर्ट (करार नसतानाही झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा कायदा) शिकवायचे. मूळचे अमळनेरकडचे, रंगात आले की थेट अहिराणीत. डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा 1932चा निवाडा, जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याचा. सरांनी ती गोगलगाय स्कॉटलंडमधून उचलली आणि नवीपेठेतल्या रसवंतीच्या ग्लासात आणून सोडली. रस मित्रानं पाजला, पैसे मित्रानं दिले, पोट तुमचं बिघडलं. मग करार कुणाचा कुणाशी? दावा कुणावर? तीस मिनिटं वर्ग भांडत होता. शेजाऱ्याप्रति काळजीचं कर्तव्य म्हणजे काय, ते त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच. उसाचा रस मात्र मी त्यानंतर वर्षभर प्यालो नाही.

पण माझ्या आयुष्यात उपयोगी पडलेला निवाडा वेगळा. कामगार कायद्याच्या तासाला एकदा ग्रंथालयातून 1960चा एआयआरचा, म्हणजे छापील न्यायनिवाड्यांचा, जाडजूड खंड मागवला गेला. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव. आमच्याच गावची गिरणी, आमच्याच गावचे कामगार, भांडण बोनसचं आणि न्यायालय सर्वोच्च. वर्गातल्या दोघांचे वडील त्याच गिरणीत होते. कंपनीचं म्हणणं, राखीव निधी खेळतं भांडवल म्हणून वापरला, त्यावरचा परतावा आधी वजा करा, मग बोनसचं बघू. कोर्ट म्हणालं, वापरला असेल तर तो पुराव्यानं शाबित करा. ताळेबंदात आकडा लिहिला म्हणजे तो सिद्ध झाला असं होत नाही. आज त्या गिरणीच्या जागेवर मॉल आहे, पण ते वाक्य मी अजून उलटतपासात वापरतो.

फोननंतर महिनाभरानं कॉलेजचा छापील वार्षिक अहवाल घरी आला, तेव्हा तेच वाक्य कॉलेजवर उलटवलं. अहवाल चांगला होता. ई-ग्रंथालय झालं, अभिरूप न्यायालयासाठी खरा डायस आणि साक्षीदाराचा पिंजरा असलेला हॉल झाला, विधी साहाय्य केंद्राची मुलं यावल-रावेरच्या पाड्यांवर जाऊन वनहक्काच्या दाव्यांचे कागद भरून देतात हेही वाचलं. पहिल्या पानावर, जळगावच्या कोर्टात वकिली करून 2007 मध्ये राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई आणि इथूनच पुढे गेलेले उज्ज्वल निकम यांचा उल्लेख होता. तो असायचाच. खानदेशात कायद्याचा कुठलाही कार्यक्रम या दोन नावांवाचून होत नाही. शेवटी माजी विद्यार्थ्यांचा तक्ता. आमच्या वर्षापुढे लिहिलं होतं, 'सुमारे 60'.

सुमारे हा शब्द कुठल्या कोर्टात चालतो? मी प्राचार्यांना पत्र लिहिलं, आकडा शाबित करा. उलट टपाली उत्तर आलं, आपणच करून द्यावा. सरळ माझ्यावरच शाबितीची जबाबदारी टाकून मोकळे.

हजेरीपट मिळाला. 61 नावं. जुन्यांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का, 15 ऑगस्ट 1990 नंतरच्यांवर उत्तर महाराष्ट्राचा, आताच्या मुलांच्या पदवीवर 2018 पासून बहिणाबाईंचं नाव. त्यामुळे नोंदी तीन ठिकाणी वाटल्या गेल्यात. निदान आम्ही मधले एका कपाटात तरी सापडलो. पत्ते मात्र सगळे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे. 'मु. पो. अमुक, दत्त मंदिराजवळ.' दत्त तिथेच आहेत, माणूस पुण्याला गेला.

मग एका रात्री ई-कोर्टच्या ॲपवर पक्षकाराची पुढची तारीख बघताना सुचलं. तिथे वकिलाच्या नावानंही शोधता येतं. जिल्हा निवडा, न्यायालय निवडा, नाव टाका. यावलच्या आमच्या मित्राचं नाव टाकलं. वर्गात तीन वर्षं हा एक शब्द बोलला नव्हता. हजेरीसुद्धा हात वर करून द्यायचा. स्क्रीनवर एकामागून एक प्रकरणं उतरू लागली. रेग्युलर मुकदमे, दरखास्ती, धनादेश न वटल्याचे 138चे खटले. फोन नंबर नाही, पत्ता नाही; पण येत्या चौदा तारखेला यावलला त्याचा वाटणीचा दावा पुराव्यासाठी लागलाय एवढं नक्की कळलं. हयातीचा दाखला याहून पक्का काय असतो?

चौदाला गेलो. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी. कोर्टात मागच्या बाकावर पक्षकारांत जाऊन बसलो. पुकारा झाला. केस पांढरे झालेला मित्र उठला. त्याची पक्षकार बहीण, समोर भाऊ साक्षीला. भावाचं म्हणणं, वाटणी वीस-बावीस वर्षांपूर्वीच तोंडी झाली, बहिणीला तेव्हा मोकळं केलं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतका हक्क दिला आणि त्यासोबत हेही सांगितलं की 20 डिसेंबर 2004 च्या आधीची वाटणी दाखवायची तर ती नोंदवलेली हवी किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यातली. विनीता शर्मा खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निवाड्यानंतर तर निव्वळ तोंडी वाटणीला फारच थोडी जागा उरली. दुसरा एखादा वकील असता तर हे सगळं कोर्टाला वाचून दाखवत बसला असता. यानं कायद्याचं नावच घेतलं नाही. अगदी हळू आवाजात विचारलं, "आप्पा, विहीर किती?"

"एकच."

"मोटार?"

"एकच."

"पाणी भरायची पाळी कशी? कुनाचा वार कोनता?"

आप्पा सरळ माणूस. "पाळी कशाची सायेब? वावर एकच, वार कशाले पाडायचे?"

मित्र म्हणाला, "दॅट्स ऑल," आणि खाली बसला. वावर, म्हणजे शेत, अजून एकच आहे, वाटलेलं नाही, हे आप्पानं शपथेवर सांगून टाकलं होतं.

बाहेर टपरीवर चहा घेताना म्हणाला, "भो, मी तुले मांगच्या बाकावर पाह्यलं तवाच वळखलं. पन साक्षीदार हातचा कसा सोडू?" तीन वर्षं वर्गात गप्प बसलेला हा माणूस काय ऐकत होता, ते तेव्हा कळलं. त्यानं बाकी नावांतली आठ तिथेच, चहा निवायच्या आत सांगितली. कोण चोपड्याला, कोण शिरपूरला, कोण नंदुरबारला सहायक सरकारी अभियोक्ता.

पुढचे सहा महिने मी असाच तारखा शोधत हिंडलो. बायकोनं विचारलं, एवढ्या लांबच्या कोर्टांत कामं कधीपासून मिळायला लागली? एरंडोलला एकाची तारीख होती, पण बार असोसिएशननं कामबंद ठेवलेलं, फेरी फुकट. मुक्ताईनगरला नाव तेच, माणूस दुसरा. त्यानं तरी चहा पाजला.

कंडक्टर बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामांच्या यादीत, सापडणं शक्य नव्हतं, त्यानं वकिलीची सनद घेतलीच नाही. जळगावच्या स्टँडवर जुन्या लोकांना विचारत गेलो. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालाय, पण आजही कुणा कंडक्टरवर अपहाराचं आरोपपत्र आलं की खातेनिहाय चौकशीत बचावाचं निवेदन लिहून घ्यायला लोक त्याच्याच घरी जातात. फी घेत नाही. मी फॉर्म पुढे केला. 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात त्यानं 'निवृत्त' असं लिहिलं. मी तिथेच खोडायला लावलं. काय लिहायचं यावर आमचं अजून एकमत नाही.

आमच्या वर्गात मुली सात. त्यातली एक हुशारीत पहिल्या तिघांत. निकालाच्या आधीच लग्न झालं, सनदीचा विषय सासरी निघाला नाही, पुढे फीही वाढत गेली. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की नावनोंदणीला कायद्यात लिहिलेल्या 750 रुपयांहून जास्त घेता येणार नाही. बार कौन्सिलची परीक्षा 2009-10 पासून पास झालेल्यांना. आम्हाला ती लागू नाही. तिनं गेल्या वर्षी अर्ज केला. वर्ग 1997चा आणि सनदीवर वर्ष 2025. पहिलं वकीलपत्र घेऊन ती उभी राहिली तेव्हा समोरच्या बाजूला तिच्याच मुलीची वर्गमैत्रीण होती, सनदेनं एक वर्ष ज्येष्ठ. फोनवर सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

कॉलेजात पाऊल पडलं ते नव्या फौजदारी कायद्यांच्या कार्यशाळेला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आम्हा सगळ्यांची अर्धी पाठांतरं वाया गेली. खुनाचं 302 गेलं, 103 आलं. 420 हे भाषेतलं विशेषण उरलं, कलम 318 झालं. सगळ्यात गंमत 144ची. जमावबंदी म्हणून जन्मभर म्हटलेलं 144 नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 163 झालं आणि 144 वर आली पोटगी, जी आधी 125 होती. वर्गात शिकवत होत्या शेवटच्या वर्षाच्या मुली आणि बाकांवर आम्ही पन्नाशीतले. माझ्या शेजारच्या ज्येष्ठ वकिलांनी हात वर करून परवानगी मागितली, पाणी प्यायला जाऊ का?

त्याच दिवशी माजी विद्यार्थी संघाचं पावतीपुस्तक फिरलं. मी पावती फाडली, पण खरं सांगतो, मला ते अपुरं वाटलं. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं न्यायाधीशपदाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती वकिली झाल्याचा दाखला दहा वर्षं जुन्या वकिलानं द्यायचा, न्यायिक अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह. म्हणजे या मुलींना आता आमची गरज देणगीतल्या पंख्यापेक्षा, कपाटापेक्षा जास्त आहे. बार कौन्सिलनं ऑक्टोबर 2024च्या परिपत्रकात ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला दरमहा किमान 15 हजार द्यावेत असं सुचवलंय. तालुक्याला ते किती जणांना झेपेल मला शंका आहे. मला स्वतःला पहिल्या वर्षी सीनियरकडून मिळायचं ते एसटीचं भाडं आणि दुपारची शेवभाजी. पण म्हणून आजच्या मुलांनीही शेवभाजीवर राहावं हे म्हणणं मला पटत नाही. यावलच्या मित्रानं ज्युनिअर म्हणून एक मुलगी घेतलीय, मी एक मुलगा. पैशाचं काय ठरवलं ते आमच्या दोघांत आहे. मुलगा निशाणी 5चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईहुकुमाचा, अर्ज माझ्यापेक्षा नीटनेटका लिहितो, पण पुरशिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) म्हणजे काय ते त्याला मीच सांगितलं.

तर हजेरीपटाचा हिशेब असा. 61 पैकी 47 सापडले, फोन नंबरांसह. पाच गेले, त्यांच्या घरी जाऊन आलो. कॉन्ट्रॅक्टचे सरही गेले. त्यांच्या मुलाकडे जुन्या नोट्स आहेत, समासात अहिराणी. त्या ग्रंथालयाला द्यायला तो तयार आहे, कुणीतरी आणायला जायला हवं.

उरले नऊ. त्यात हजेरीपटावरचा क्रमांक 38, धरणगावचा, हार्मोनियम वाजवायचा, शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन गेला तो गेलाच. तिन्ही जिल्ह्यांची सगळी न्यायालयं धुंडाळली, बोर्डावर नाव नाही. कुणाला ठाऊक असेल तर ऑफिसात कळवा. तिथली मुलगी फोन उचलते, आणि आता पद विचारत नाही.