जव्हारचे महाराज आणि बैलजोडीवरचा शिक्का

परवा आमच्या मजल्यावरच्या आजींकडे गेले होते, त्या मूळच्या जव्हारच्या, आता मुलाकडे वर्तकनगरला असतात. तांदळाच्या भाकरीसाठी परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या, मी सहज विचारलं आजी पहिलं मत कधी दिलंत, तर म्हणाल्या "बासष्टला गं बाय, महाराजांना दिलं". कोण महाराज, तर यशवंतराव मुकणे. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे. मला खरंच माहीत नव्हतं, आणि मी जन्मापासून ठाण्यात! वाईट वाटलं म्हणून घरी येऊन रात्री बसून वाचत राहिले.

आपल्याकडे संस्थानिक म्हटलं की कोल्हापूर, ग्वाल्हेर, बडोदा एवढंच डोळ्यासमोर येतं. जव्हार २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, ऑगस्टमध्ये पालघर वेगळा झाला तोपर्यंत तिथली माणसं एका सहीसाठी भिवंडी-वाडा करत एसटीने ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसला यायची. आणि तिथे सहाशे वर्षांहून जुनं राज्य होतं, तेही महादेव कोळ्यांचं, म्हणजे आदिवासी राजघराणं. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले आणि तिथल्या राजाने त्यांच्या टोपात शिरपेच खोवला असं जव्हारची माणसं आजही अभिमानाने सांगतात.

यशवंतराव १९१७ चे. १९२७ ला गादीवर आले तेव्हा दहा वर्षांचे पण नव्हते, विचार करा, चौथीतलं पोर. पुढे दुसरं महायुद्ध लागलं तर हे राजे असून एअर फोर्समध्ये गेले, फ्लाइट लेफ्टनंट झाले. राजवाड्यात बसून राहिले असते तरी कोण विचारणार होतं! मग स्वातंत्र्य आलं, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १९६२ ला काँग्रेसकडून (तेव्हा काँग्रेसचं चिन्ह बैलजोडी) लोकसभेला उभे राहिले ते भिवंडीतून, आणि ही जागा आदिवासींसाठी राखीव होती. मी इथेच अडकले कितीतरी वेळ. बाकीचे बहुतेक राजे-महाराणी निवडणुकीला उभे राहिले ते राजे म्हणूनच, लोक राजघराण्याच्या नावाला मत द्यायचे, पण इथे राजा ज्या जागेवरून उभा राहिला ती जागाच त्याला तो आदिवासी आहे म्हणून मिळत होती. गादी गेली आणि जमात राहिली, आणि दिल्लीला गेले ते जमातीच्या वाट्याच्या खुर्चीवरून. माझ्या मते हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला पाहिजे, कारण आदिवासी म्हटलं की आपण फक्त वारली चित्रं आणि कुपोषणाच्या बातम्या एवढंच बोलतो, आदिवासी माणूस इथे राजा होता, पायलटांच्या फौजेत होता आणि खासदार पण होता हे कोणी सांगतच नाही.

१९७८ ला ते गेले. जव्हारला जयविलास राजवाडा अजून आहे, टेकडीवर, भोवती काजूची झाडं, माणसं सहलीला जातात आणि फोटो काढून येतात, मीही कॉलेजात असताना तसंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेले आजींकडे, हे सगळं सांगायला. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमचा बाबा त्यांना लांबनंच हात जोडायचा, मान वर करायचा नाय. आणि मग त्यांचंच नाव कागदावर, नि शिक्का माझ्या हातात." मग परातीतलं पीठ हाताने सारखं केलं, डब्याचं छोटं झाकण उलटं धरलं आणि पिठावर दाबलं, अगदी सावकाश, कडेला जाऊ नये म्हणून दुसरा हात परातीला लावून. "असा मारला. बैलजोडीवर. हात थरथरत होता गं."

गोल ठसा पिठावर तसाच होता, त्यांनी तो मोडला नाही, आधी मला चहा दिला.