इस्तंबूलचा थांबा आणि लोकुमचं ताट

जर्मनीहून मुंबईचं थेट तिकीट दर वेळी खिशाला झेपतंच असं नाही. म्हणून इथले बरेच मराठी लोक इस्तंबूलला विमान बदलतात. एप्रिल २०१९ मध्ये जुन्या अतातुर्क विमानतळावरची प्रवासी वाहतूक या नव्या विमानतळावर आली. तो इतका अवाढव्य आहे की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना पाय बोलायला लागतात. विमानाला अजून वेळ असतो, कॅफेतल्या कॉफीचा युरोतला भाव रुपयांत मोजायचं धाडस होत नाही. मग पावलं आपोआप ड्युटी फ्रीतल्या मिठाईच्या दुकानांकडे वळतात.

तिथे लोकुम असतो, म्हणजे टर्किश डिलाइट, मऊ चौकोनी तुकड्यांची तुर्की मिठाई. पिस्त्याचा, गुलाबाचा, डाळिंबाचा, अक्रोडाचा, खोबऱ्याच्या किसात घोळवलेला. विक्रेता तुकडा कापून टूथपिकवर टोचतो आणि तुम्ही मागायच्या आत पुढे करतो. आपला चेहरा बघून ‘हिंदिस्तान?’ विचारतो, आपण मान हलवली की लगेच ‘शाहरुख खान!’ आता इतक्या ओळखीनंतर नाही कसं म्हणणार?

घरून नेहमी येणारा प्रश्न आधीच निकालात काढते: हो, शाकाहारी आहे. साखरेचा पाक आणि कॉर्नस्टार्च बराच वेळ घोटत शिजवतात, पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून त्यात थोडं सायट्रिक आम्ल किंवा क्रीम ऑफ टार्टर घालतात. अस्सल लोकुममध्ये जिलेटिन नसतं. आपल्या कॉर्नफ्लॉवरच्या कराची हलव्याचा हा बिनतुपाचा भाऊच. इस्तंबूल शहरात हाजी बेकिर यांनी १७७७ मध्ये सुरू केलेलं लोकुमचं दुकान आजही चालू आहे. थांबा मोठा असेल आणि व्हिसाची सोय असेल, तर तिथेच जा.

मागच्या खेपेला आई-बाबा बरोबर होते. आईचं तत्त्व ठाम: ‘घ्यायचं नसेल तर चाखू नये.’ ती सामानाची राखण करत बाकावर बसली. बाबांचं तत्त्वही ठाम, फुकट ते पौष्टिक. ते एका दुकानातून डाळिंबाचा तुकडा खाऊन आले, मग स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि त्याच दुकानात परत गेले. विक्रेत्याने ओळखलं, हसला आणि या वेळी पिस्त्याचा मोठा तुकडा दिला. बाबा एवढे ओशाळले की दोन डबे घेऊनच परतले. आईने किंमत विचारली. बाबांनी ती युरोतच सांगितली, रुपयांत नाही.

नमुने ठेवण्यामागचं गणित हेच असावं. फुकट खाल्लेल्याची भीड आपल्याला डब्यापर्यंत नेते. मला त्यात गैर वाटत नाही. निदान इथे जिभेला आधी कळतं की पैसे कशाचे देतोय. पलीकडच्या अत्तरांच्या टेस्टरबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. सहा तासांच्या प्रवासाआधी पाच वेगवेगळे वास अंगावर मारून शेजारी येऊन बसणाऱ्या माणसाला काय म्हणावं!

बकलावाही असतो, म्हणजे पातळ पापुद्र्यांमध्ये सुकामेवा भरलेली मिठाई. तुर्कीतल्या गाझियानतेप शहराच्या बकलावाला २०१३ मध्ये युरोपियन युनियनने भौगोलिक मानांकन दिलंय. पाकात भिजलेला असल्यामुळे खाऊन झाल्यावर हात धुवायला पळावं लागतं, एवढीच त्याची अडचण.

घेणार असाल तर ताटातला आणि बंद डब्यातला लोकुम एकच आहे का, हे आधी विचारून घ्या. पिस्ता डब्यावरच्या चित्रातच जास्त असू शकतो. आणि घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, त्याला ओल सुटते आणि वरची पिठीसाखर चिकट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून लांब ठेवला की झालं.