आषाढीची दर्शनबारी : 25 तास आणि एक बैल

दशमीला पहाटे 5 वाजता आई आणि मी पंढरपुरात गोपाळपूर रस्त्याच्या पत्राशेडमध्ये बारीला लागलो. पांडुरंगाच्या पायांवर डोकं टेकलं तेव्हा एकादशीच्या सकाळचे 6 वाजले होते. पुढच्या आषाढीला पदस्पर्श दर्शनासाठी जायचं मनात असेल, तर एवढी तयारी ठेवूनच निघा.

पत्राशेडमध्ये रांग लोखंडी पाइपांमधून नागमोडी फिरते. त्यामुळे शेजारच्या ओळीतून उलट्या दिशेनं जाणारी तीच माणसं दर वळणाला समोर येतात. धोतर-टोपीतले एक बाबा आम्हाला असे भेटत गेले. पहिल्यांदा "माऊली" म्हणून हात जोडले. दुसऱ्यांदा गाव विचारलं, तिसऱ्यांदा पेरण्या झाल्या का ते. चौथ्यांदा पाइपावरून मूठभर शेंगदाणे आईच्या ओंजळीत आले. मग त्यांनी आपल्या बैलाची गोष्ट काढली. बाजारात विकलेला बैल रात्री दावं तोडून घराकडे निघाला होता. रांग सरकली की गोष्ट तुटायची, पुढच्या फेरीला तिथूनच सुरू. तोवर दोन्ही बाजूंची माणसं कान लावून बसलेली. मागून कोणीतरी ओरडायचं, "बैल कुठवर आला?" बैल ओढ्यापाशी पोचला आणि बाबांची ओळ शेडबाहेर पडली.

दुपारी पत्र्यावर पाऊस कोसळला. आमच्या पुढे परभणीकडच्या एक आजी होत्या, त्यांनी आपला पदर जावेच्या पदराला गाठ मारून बांधला होता, चुकामूक नको म्हणून. पाय भरून आले की त्या म्हणायच्या, "त्याची बी कंबर दुखती, म्हणून तर हात ठेवलेत!" आणि सगळी ओळ हसून दोन पावलं पुढे जायची.

रात्री काही जण बाजूने घुसले. चिडाचिड सुरू होणार, तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "या माऊली, पण आधी आजींचे पाय दाबा." ते मुकाट्याने मागे गेले. पहाटेच्या शासकीय महापूजेच्या वेळी बारी थांबते. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला त्या पूजेचा मान मिळतो. "म्हातारा घरी बसलाय, नाहीतर मान आमचाच होता," हे आजींचं त्या वेळचं बोलणं.

सोबत प्लास्टिकचा मोठा कागद घ्याच. बसायला, पांघरायला, पावसाला, सगळ्याला तोच. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर उपासालाही चालतात. पाणी आणि चहा वाटेत सेवेकरी देतात, तरी एक बाटली जवळ असू द्या. मोबाईल मंदिरात नेता येत नाही, म्हणून तो आणि चपला मुक्कामीच ठेवा आणि घरच्यांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. लघवीला जायचं तर पुढच्या-मागच्या दोघांनाही सांगून जा. आमची जागा प्रत्येक वेळी राखली गेली. आणि हो, गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका. मुखदर्शनाची रांग वेगळी असते आणि बरीच लवकर सरकते. कितीतरी वारकरी शेकडो मैल चालून येतात, चंद्रभागेत स्नान करतात आणि कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांची वारी पुरी होते, तुमचीही होईल.

दर्शन मंडपाचे मजले चढताना आई थकली, पण गाभाऱ्यापुढच्या सोळखांबी मंडपात शिरल्यावर माझा हात सोडून पुढे गेली. पायांशी क्षणभरच मिळतो. थंड, झिजून गुळगुळीत झालेले पाय, आणि लगेच "चला माऊली, पुढं." तिथून घाईनं बाहेर पडू नका, मागच्या बाजूला रखुमाई आहे.

बाहेर येऊन नामदेव पायरीवर डोकं टेकवलं. चोखोबांच्या समाधीपाशी वळलो, तर तिथे ते बाबा बुक्का लावून उभे. आईला पाहताच हात जोडून म्हणाले, "तर ओढ्याला पाणी होतं बघा, पण बैल काय थांबला नाही…"