पोंग्यातले चार ठिपके

2019 च्या खरिपातली गोष्ट. शेतकऱ्यांच्या माहितीपत्रकांसाठी किडींचे फोटो काढणं हे माझं काम. जुलैतल्या एका सकाळी सहा वाजताच सिल्लोड तालुक्यातल्या मक्याच्या शेतात पोचलो. ऊन चढलं की अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, खोल शिरते आणि वर भुशासारखी विष्ठा तेवढी दिसते, म्हणून इतक्या लवकर.

हवी होती अमेरिकन लष्करी अळी. आदल्याच वर्षी, 2018 मध्ये, कर्नाटकात शिवमोग्याकडे ती देशात पहिल्यांदा सापडली होती. मक्यावर इतरही अळ्या येतात, त्यामुळे फोटोत ओळख पटायलाच हवी. खुणा दोन : डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीजवळ, पोटाच्या आठव्या खंडावर, चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. बाकीच्या खंडांवरही ठिपके असतात, पण असा चौकोन नसतो.

पहिल्या तासाभरात साठ-सत्तर फोटो काढले. एकही कामाचा नव्हता. मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपायची भिंग, पूर्ण जवळ नेली की एफ 11 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करूनसुद्धा, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचाच पट्टा स्पष्ट येतो. डोकं स्पष्ट आलं की शेपूट धूसर. छिद्र आणखी बारीक, एफ 22, करून पाहिलं, तर इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. सगळ्यात वाईट फ्लॅशची चकाकी. अळीची कातडी तुकतुकीत, आणि पांढरा डाग नेमका ठिपक्यांवर. फ्लॅशवर लावलेला बटर पेपर दवाने भिजून फाटला होता.

शेताच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, बांधावरून बघत होत्या. "काय अडलं, भाऊ?"

"उजेड मऊ करायला पांढरं फडकं पाहिजे होतं, आजी."

त्यांनी घरातून जुन्या धोतराचा धुवट तुकडा आणला. तो दुहेरी करून फ्लॅशपुढे ताणून बांधला आणि फ्लॅश अळीपासून वीतभरावर आणला. एवढ्याशा जिवाला ते फडकं आभाळाएवढं. चकाकी विरली, कातडीचा खरा तपकिरी रंग दिसू लागला. कापडात उजेड मुरतो, म्हणून फ्लॅशचा जोर वाढवला.

मग थोडा मागे सरकलो. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर अळीची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराच्या निम्मी केली की स्पष्ट पट्टा चार मिलिमीटरच्या आसपास जातो. जवळ जाण्याचा मोह आवरणं मला अजूनही या कामातलं सर्वांत अवघड वाटतं. गुडघे चिखलात टेकले, कॅमेऱ्याची पाठ अळीच्या पाठीशी समांतर धरली, फोकसची रिंग सोडून दिली आणि अंगच केसभर पुढे-मागे करत राहिलो. वाऱ्याने मक्याचं ताट हलू नये म्हणून आजींनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं. अळी जिवंत, सरपटती. तेव्हा वेगवेगळ्या भागांवर फोकस केलेले अनेक फोटो एकावर एक जोडण्याचा उपाय इथे चालणारा नव्हता. जे काही यायचं ते एकाच फोटोत.

आठव्या-नवव्या प्रयत्नाला जमलं. डोकं खाली वळलेलं होतं, म्हणून वायचा फोटो समोरून वेगळा घेतला.

स्क्रीनवर शेपूट मोठी करून आजींना दाखवली. त्यांनी बोटाने मोजलं : एक, दोन, तीन, चार. काही न बोलता त्या पुढच्या सरीत गेल्या, एक पोंगा उकलला आणि डोळे बारीक करून वाकल्या.

"भाऊ," त्यांनी हाक मारली, "हिला बी चार हायेत."